जुना लॅपटॉप : मदरबोर्ड खरंच गेलाय का?

अर्धीचार्ज
मंडळी, सल्ला हवाय. २०१३ च्या सुमाराचा १५.६ इंची लॅपटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. घरात दुसरा नवा आहे, पण याचा कीबोर्ड बोटांना बसलाय. टायपिंगचं सगळं काम यावरच होतं, म्हणून सोडवत नाही.

तक्रारी बऱ्याच आहेत. सुरू व्हायला अनंतकाळ लागतो, मग डिस्कचा दिवा लागून राहतो आणि माऊससुद्धा अडखळतो. मधूनच आतून ‘टक्… टक्’ असा आवाज येतो. व्हिडिओ कॉल लावला की थोड्या वेळाने काही न सांगता धप्पकन बंद पडतो. बॅटरीवर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दिसतं आणि वायर काढली की मिनिटाभरात खेळ खलास. तारीख रोज सकाळी २०१२ मध्ये जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. झाकण एका विशिष्ट कोनात असलं की स्क्रीन लुकलुकते, ते वेगळंच.

दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं हातात धरून ‘मदरबोर्ड गेलाय’ असं सांगितलं. खरं असेल का?

टाकूनद्या
ताई, माझं नाव वाचा. तोच सल्ला.

मंदगती
मलाही जवळपास हेच होतंय, म्हणून धागा धरून बसतोय.

सुटेस्क्रू
अर्धीचार्जताई, हा धागा त्याच लॅपटॉपवरून लिहिलाय ना? मग मदरबोर्ड बऱ्यापैकी शुद्धीवर आहे.

तुम्ही एकाच यंत्राची एकच कहाणी सांगताय, पण मला यात निदान चार वेगळे आजार दिसतात. डिस्क, उष्णता, चार्जिंग आणि तारीख. स्क्रीनचं लुकलुकणं पाचवं, पण ते थांबू शकतं. सगळ्यांचं एकच कारण शोधायला गेलं की माणूस शेवटी मदरबोर्डवर येऊन पोचतो, कारण सगळं तिथेच जोडलेलं असतं. एकेक वेगळं काढू. आणि कृपा करून आत्ताच कुठलाही पार्ट विकत घेऊ नका.

सगळ्यात आधी ती टकटक. आज रात्री झोपण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. आधी स्वतःचं लिखाण, मग फोटो. सिनेमे-गाणी सगळ्यात शेवटी, राहिली तरी चालतील. फॉरमॅट नको, डीफ्रॅग नको, चेकडिस्क तर अजिबात नको. मरणाऱ्या डिस्कला पूर्ण पृष्ठभाग पालथा घालायला लावणं म्हणजे उरलेला श्वास त्यात संपवणं. फायली निघाल्या की क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा आणि ०५, १९७, १९८, १९९ (शेवटच्या तीन तिथे सी५, सी६, सी७ अशा दिसतील) या ओळींमधले ‘रॉ’ आकडे इथे लिहा.

निळापडदा
+१. बंद पडण्याबद्दल : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल आणि लोक ते वाचून थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. त्यापेक्षा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावून व्हिडिओ कॉल करा आणि बंद पडण्याआधी प्रोसेसरचं तापमान कुठवर गेलं ते बघा. आकडे फाइलमध्ये नोंदवायची सोय आहे, ती सुरू ठेवा. नाहीतर बंद पडल्यावर बघणार काय?

अर्धीचार्ज
फायली निघाल्या! लिखाण सगळं आलं. फोटोंच्या एका फोल्डरवर मात्र तासभर अडकून ‘एरर’ म्हणाला, ते अर्धंच आलंय.

आकडे : ०५ समोर १ए०, १९७ समोर ३८, १९८ समोर ३८, १९९ समोर शून्य. हे १ए० काय प्रकरण आहे? (पुढचे शून्य गाळलेत.)

तापमान : नुसतं बसल्या जागी ६८. कॉल लावल्यावर ९० च्या वर, आणि फाइलमधली शेवटची नोंद १०३.

सुटेस्क्रू
उत्तम माहिती दिलीत.

तो प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये रॉ आकडे हेक्झाडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत, त्यात ए म्हणजे १०) दाखवतो. १ए० म्हणजे ४१६. इतके सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, डिस्कने आधीच बाद करून राखीव जागेत हलवलेत. आणि १९७ चे ३८ म्हणजे अडतीस नव्हे, ५६. हे वाचता न येणारे, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. ०५ चा आकडा वर्षानुवर्षं स्थिर असेल तर एकवेळ मी दुर्लक्ष करीन, पण १९७ आणि १९८ शून्याच्या वर आणि जोडीला टकटक, म्हणजे डिस्क चालली. ‘माऊस अडखळतो’ याचं मोठं कारण हेच. एखादा खराब सेक्टर वाचायला डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते आणि विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसतं. १९९ शून्य आहे, म्हणजे केबल-कनेक्टरवर संशय घ्यायला जागा नाही.

१०३ बद्दल : या पिढीच्या मोबाइल प्रोसेसरची मर्यादा साधारण १०५ अंश. त्याच्या जवळ गेला की तो आधी स्वतःचा वेग पाडतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला वीज तोडतो. बिघाड म्हणू नका याला, संरक्षण आहे. नुसतं बसल्या जागी ६८ म्हणजे हवाच जात नाहीये.

पेंग्विनप्रेमी
त्या अर्ध्या फोल्डरसाठी : विंडोजमधून पुन्हापुन्हा कॉपी करू नका. पेनड्राइव्हवर कुठलंही लाइव्ह लिनक्स (विंडोजऐवजी, न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरून अख्ख्या डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतो, अडलं की पुढे जातो आणि कठीण जागांकडे नंतर वळतो. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला मात्र विसरू नका. मध्येच लॅपटॉप बंद पडला (तुमचा पडणारच) तरी तीच मॅपफाइल दिली की जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. मॅपफाइल पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या भागात ठेवू नका, रीस्टार्टला उडेल. आणि कुठली डिस्क मूळ, कुठली नक्कल, ते दोनदा तपासा. उलटं दिलंत तर तो निमूटपणे उलटं करेल.

याचा दुसरा फायदा असा की प्रतिमा झाल्यावर जुनी डिस्क पूर्ण काढून ठेवा आणि नुसत्या पेनड्राइव्हवर दिवसभर काम करून बघा. उष्णता सोडून बाकी सगळं गुळगुळीत चाललं, तर मदरबोर्ड आणि रॅमवरचा आळ जवळपास गेलाच. खात्रीच हवी असेल तर एक रात्र मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा.

टाकूनद्या
इतक्या खटाटोपात नवा घेऊन सेटअपही झाला असता.

सुटेस्क्रू
नवा त्यांच्याकडे आहे की. पहिली ओळ वाचलीत का?

मंदगती
अवांतर : माझ्याकडे याहून जुना एक आहे, २००७-०८ चा. स्क्रीनवर उभ्या रेघा येतात, बाहेरच्या मॉनिटरवरही येतात. एक जण म्हणाला बोर्ड ओव्हनमध्ये भाजला की सुधारतो. खरं का?

सुटेस्क्रू
बाहेरच्या मॉनिटरवरही रेघा म्हणजे पॅनेल आणि केबल निर्दोष, ग्राफिक्स चिप संशयित. त्या काळात हे फार झालं. २००८ मध्ये एनव्हिडियानेच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही लॅपटॉप चिप्समधलं साहित्य कमकुवत निघालंय, आणि वॉरंटीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. भाजण्याच्या अफवेत अर्धं सत्य आहे. गरम केल्यावर काही बोर्ड काही दिवस-आठवडे जागे होतात. पण दोष बहुतेक वेळा चिपच्या पोटातल्या सूक्ष्म जोडांमध्ये असतो, चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या सोल्डरमध्ये नसतो. म्हणून तो परत येतो, रीबॉल केलं (चिपखालचं सोल्डर नव्याने घातलं) तरी येतो. आणि ज्या ओव्हनमध्ये खायचं शिजतं त्यात प्लॅस्टिक-फ्लक्सच्या वाफा सोडायच्या नाहीत. डेटा काढा आणि त्याला निरोप द्या.

टाकूनद्या
!!! शेवटी.

अर्धीचार्ज
प्रतिमा घेणं चालू आहे, खाली एक टेबलफॅन लावलाय, त्यामुळे बंद पडला नाही अजून. तोवर चार्जिंगचं बघू या का? बॅटरी नवी मागवावी असं घरचे म्हणताहेत.

निळापडदा
थांबा. दोन प्रश्न. चार्जरच्या गोल टोकाच्या मधोमध सुईसारखी पिन आहे का? आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग) ‘एसी अडॅप्टर’ समोर काय लिहिलंय?

शिवाय विंडोज चालू असेल तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजी अक्षरांत द्या. एक फाइल तयार होते. तीत डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिळतील.

अर्धीचार्ज
पिन आहे. बायोसमध्ये ‘अननोन’ लिहिलंय! रिपोर्टमध्ये डिझाइन ४८,८४० आणि फुल चार्ज ११,३२२ मिलीवॉट-अवर.

निळापडदा
तर मग बॅटरी थकलीच आहे. मूळच्या पाव हिश्श्याहून कमी उरलंय. पण ‘नॉट चार्जिंग’ तिच्यामुळे नाही. ती मधली पिन वीज नेत नाही, ती चार्जरची ओळख सांगते. चार्जरमध्ये बारीकशी चिप असते, ती लॅपटॉपला ‘मी अमुक वॉटचा’ असं कळवते. ही ओळख पटली नाही की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये तर प्रोसेसरचा वेगही पार खाली बांधून ठेवतो, ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे तुमच्या संथपणात याचाही वाटा असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असताना वेग बघा.

नवी बॅटरी आणली असती तर तीही ‘नॉट चार्जिंग’च म्हणाली असती.

अर्धीचार्ज
०.७८ गिगाहर्ट्झवर अडकलाय. हलतच नाही! पण मग कॉलवर १०३ अंश कसा चढत होता?

सुटेस्क्रू
कारण पिनचा संपर्क येतोजातो. वायर सरळ बसली की ओळख पटते, वेग वाढतो, मग तापतो. हलली की परत ‘अननोन’. टोक सॉकेटमध्ये हळूच फिरवून बायोसमधला शब्द बदलतो का बघा.

दोष तीन ठिकाणी असू शकतो. वायर टोकापाशी दुमडून आतली बारीक तार तुटणं हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. मग लॅपटॉपमधला जॅक, आणि सगळ्यात कमी वेळा बोर्ड. ओळखीतल्या कुणाकडून त्याच कंपनीचा, तितक्याच किंवा जास्त वॉटचा, त्याच टोकाचा चार्जर तासभरासाठी मागून आणा. बायोसमध्ये ओळख लगेच पटली तर तुमचा चार्जर दोषी. मल्टिमीटरने मोजायचं असेल तर बाहेरचा आणि आतला कडा यांत १९.५ व्होल्ट दिसतील, पण त्याने ओळखीच्या पिनबद्दल काहीच कळत नाही. आणि मीटरची सुई मधल्या पिनवर घसरून कड्याला टेकली, तर आहे ती चिपही जळेल. तेव्हा उगाच मोजू नका.

मंदगती
माझ्या लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईनासा झालाय, त्यालाही असंच काही औषध?

निळापडदा
मंदगती, तुमची बॅटरी आत बसवलेली आहे का? टचपॅडच्या खालीच असते बऱ्याचदा. सपाट टेबलावर ठेवून बघा, लॅपटॉप डुगडुगतो का, तळ फुगलाय का. असेल तर आत्ता बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. बाकी धागा नंतर वाचा.

मंदगती
डुगडुगतोय. बंद केला. फोनवरून लिहितोय. धन्यवाद _/\_

अर्धीचार्ज
मागून आणलेल्या चार्जरवर बायोसमध्ये लगेच ‘९० वॉट’ आलं, आणि बॅटरी चार्ज व्हायला लागली!! इतके महिने मी बॅटरीला शिव्या घालत होते.

आता उघडायचं म्हणते. सुटेस्क्रूदादा, स्टेप बाय स्टेप सांगाल का? कधीच उघडलेला नाही.

सुटेस्क्रू
तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असेल तर तेच प्रमाण. मी फक्त ते सांगतो जे मॅन्युअलमध्ये नसतं.

चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पांढऱ्या कागदावर तळाचं चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी टोचून किंवा चिकटवून ठेवा. हे अति वाटेल, पण छोट्या जागी लांब स्क्रू गेला तर तो सरळ बोर्डमध्ये घुसतो किंवा वरून कीबोर्डला टेंगूळ येतं. सगळे स्क्रू काढूनही तळ सुटत नसेल तर जोर लावू नका, एखादा राहिलाय. डीव्हीडी ड्राइव्हखाली, रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. कीबोर्डची चपटी पट्टी ओढायची नाही. तिच्या कनेक्टरला एक बारीक पट्टीसारखी खिट्टी असते, काही ठिकाणी वर उचलते, काही ठिकाणी पुढे सरकते. ती नखाने सोडली की केबल आपोआप सुटते.

पंखा दिसला की बाहेरून स्वच्छ वाटेल. फसू नका. पंख्याचं झाकण काढा आणि पंखा जिथे तांब्याच्या जाळीला भिडतो तिथे बघा. तिथे धुळीची घट्ट गोधडी बसलेली असते, चिमटीत धरून अखंड निघते. बाहेरून ब्लोअर मारला की ती हलत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसते. ब्लोअर वापरायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

मग हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. त्यावर स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतील. लावताना त्या क्रमाने, प्रत्येक थोडाथोडा, एकदम एक घट्ट नाही. काढताना उलट्या क्रमाने. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी झाली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट वाटाण्यापेक्षाही कमी. मात्र आजूबाजूच्या चिपवर राखाडी-निळे रबरी पॅड असतील तर तिथे पेस्ट घालू नका. तिथे फट असते म्हणूनच पॅड असतो. फाटला असेल तर त्याच जाडीचा नवा पॅड.

उघडलंच आहे तर तारखेची बॅटरीही बदला. नाण्याएवढी सीआर२०३२ असते, काहींत वायरसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तारीख मागे जाणं तिच्यामुळेच. आणि साइट अडवणंही. प्रमाणपत्राची मुदत ज्या तारखेपासून सुरू होते त्याच्या आधीच तुमचा लॅपटॉप बसलेला असतो, म्हणून ब्राउझर सगळ्यांनाच खोटं ठरवतो.

निळापडदा
एक पुरवणी. सीआर२०३२ काढण्यापूर्वी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) काय आहे त्याचा फोटो काढा. बॅटरी निघाली की सेटिंग मुळावर जातं आणि विंडोज ज्या मोडवर बसवलं तो बदलला तर निळा पडदा. (माझं नाव उगाच नाही.)

टाकूनद्या
हे सगळं केलंत तरी विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचा तिसऱ्या पिढीचा. मग?

पेंग्विनप्रेमी
हा मुद्दा मात्र रास्त आहे, टाकूनद्यांशी पहिल्यांदाच सहमत. आडमार्गाने ११ बसतं, पण मी नाही सांगणार, पुढच्या अपडेटची टांगती तलवार राहते. नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेली डिस्क) लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. टायपिंग, ब्राउझर, कॉल यासाठी पुरे.

अर्धीचार्ज
माझं सगळं टायपिंग मराठी आहे. तिथे जमेल?

पेंग्विनप्रेमी
इनस्क्रिप्ट वापरत असाल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडलं की झालं, वेगळं काही टाकावं लागत नाही. रोमन कळांवरून फोनेटिक लिहीत असाल तर आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवा. कुठली कळ कुठे, हे विंडोजमधल्या सवयीशी तंतोतंत जुळणार नाही, आठवडाभर बोटं अडखळतील. लाइव्ह पेनड्राइव्हवर आत्ताच करून बघा ना.

सुटेस्क्रू
एसएसडी घेताना २.५ इंची साटा घ्या. २.५ इंची बहुतेक ७ मिमी जाडीच्या असतात, तुमची जागा ९.५ मिमीची असू शकते. डुगडुगली तर सोबत मिळणारी फ्रेम चिकटवा. महागडी वेगवान घेऊन उपयोग नाही, साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. ५४०० फेऱ्यांची डिस्क नुसती योग्य जागा चकतीवर फिरून येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलीसेकंद थांबते, डोकं हलण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत हे थांबणं जवळपास नाहीच. रॅम ८ जीबी करायची असेल तर ती नंतर, आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल घ्या, २०४ पिनची. शक्यतो ४ च्या दोन पट्ट्या. तुमच्यातलं ग्राफिक्स रॅममधूनच खातं, दोन पट्ट्यांचा त्याला फायदा होतो.

जुनी डिस्क डीव्हीडीच्या जागी बसवायचा मोह होईल. त्या डिस्कला नको.

अर्धीचार्ज
झालं! गोधडी खरंच अखंड निघाली, फोटो काढलाय. एसएसडी बसली, मिंट बसलं. बसल्या जागी ४६ अंश, कॉलवर ७४ च्या वर गेला नाही. नवा चार्जर आला. तारीख जागेवर. प्रतिमेतून ते फोटोंचं फोल्डरही निघालं, सहा फोटो फाटले, बाकी ठीक. बॅटरी तशीच ठेवलीय, घरातल्या घरात वायरवरच चालवते.

स्क्रीनचं लुकलुकणं राहिलं. बाहेरच्या मॉनिटरवर काही नाही. झाकण साधारण काटकोनात आलं की सुरू होतं. उघडताना डावी बिजागरी करकरते आणि तिथल्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक किंचित सुटतं.

टाकूनद्या
अभिनंदन. (नाव बदलत नाहीये.)

सुटेस्क्रू
मॉनिटरवर नाही आणि कोनानुसार बदलतं, म्हणजे बिजागरीतून जाणारी पॅनेलची केबल. पण आधी बिजागरी, नाहीतर नवी केबलही तशीच घासेल. वंगण सुकून बिजागरी आवळते, मग ती स्वतः वळण्याऐवजी प्लॅस्टिकमध्ये पुरलेल्या पितळी नटांना उपटायला लागते. ते सुटणारं प्लॅस्टिक त्याचंच लक्षण आहे. तूर्त झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, वर मधोमध धरा. पुढच्या सुट्टीला डावी बिजागरी उघडून तिच्या दांड्यावरचा नट थोडा सैल करा, आणि पितळी नट प्लॅस्टिकमध्ये फिरताहेत का ते बघा. नटांचा एक फोटो टाका, मग दोन भागांचं इपॉक्सी पुरेल की मागचं झाकणच बदलायचं, ते ठरवू.